चव-नोंदवहीतलं पाणी

मी मुख्याध्यापक, म्हणजे शाळेतलं सगळं मलाच कळतं, असा माझा जुना समज. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरतं, पोरांच्या मेंदूला ते घातक, म्हणून नळाचं पाणी तपासून घ्या, असा अर्ज विज्ञानाच्या वैरागडे मॅडमनी तीनदा दिला. तिन्ही वेळा मी तो परत केला. "पाणी कसं नितळ आहे! उगाच बोभाटा नको."

आमच्याकडे पोरांआधी खिचडी मी चाखतो आणि चव-नोंदवहीत सही करतो. एके दिवशी खिचडी शिजवणाऱ्या द्वारकाबाईंनी ताटाशेजारी नळाच्या पाण्याचा तांब्याही ठेवला.

"सर, हेही चाखा, आणि 'शिसं नाही' असं लिहून सही करा."

मी वर्गातल्या थाटात हसलो. "अहो, शिसं जिभेला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते!"

"मॅडमही तेच म्हणतात," असं म्हणत त्यांनी वहीखालून चौथा अर्ज पुढे सरकवला.

मी अर्जावर सही केली. तहान लागली होती. हात आपसूक पुढे गेला. पण समोरच्या नितळ तांब्याकडे नाही, घरून आणलेल्या माझ्या बाटलीकडे.