एकही हात मोकळा नाही

“पण बाई, सगळे हात जुळलेत. मग प्रथिन मेलेलं कसं?”

तन्वीर इनामदारनं हे तिसऱ्यांदा विचारलं. विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेला गडी. त्याला उत्तरं द्यायची सवय होती, प्रश्न विचारायची नव्हती.

खांबेटे बाई खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी दर मंगळवारी त्या प्रयोगशाळेत यायच्या. कुणी काही विचारलं तर बोलायच्या, नाहीतर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवून घरी जायच्या.

“पहिल्यापासून सांग,” त्या म्हणाल्या.

तन्वीरनं सांगितलं. जंतूंची भिंत फोडणारं प्रथिन. लांबलचक साखळी, आणि तिच्यावर गंधकाचे आठ हात. दोन-दोन हात जुळून चार गाठी पडल्या की साखळीची घडी नीट बसते, मगच ते कामाला लागतं. आठ हात एकशे पाच तऱ्हांनी जुळू शकतात. त्यातली बरोबर तऱ्हा एकच.

“पेशीत ही जुळणी कोण करून देतं?”

“मदतनीस एन्झाइम. तेही घातलंय मी. वर गाठी आवळणारं रसायन दुप्पट. हा बघा रिपोर्ट. एकही हात मोकळा नाही.”

हे त्यानं जरा छाती काढूनच म्हटलं.

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“अरेरे...” बाई म्हणाल्या.

तन्वीरचा चेहरा पडला. शुक्रवारी समितीपुढं चालतं-बोलतं प्रथिन दाखवायचं होतं. नाही दाखवलं तर चार वर्षांचं काम गुंडाळून गावी जायचं, हे त्याला स्पष्ट सांगितलं गेलं होतं. आणि बर्फात प्रथिनाची आता एकच कुपी शिल्लक होती.

बाई उठल्या. कपाटातून त्यांनी एक लहानशी बाटली काढली. बूच उघडताच सडक्या अंड्यासारखा वास सुटला.

तन्वीरनं तो वास ओळखला.

“बाई, नको! ह्यानं गाठी सुटतात!”

त्यानं चक्क त्यांचा हात धरला. मग ओशाळून सोडला.

“सुटतात,” बाई म्हणाल्या.

“तीन महिने घालवलेत मी त्या पाडायला!”

बाईंनी मोजून थोडेसेच थेंब कुपीत सोडले. कुपी हलकेच हलवली आणि कोमट पाण्यात ठेवून दिली.

“डबा आणलायस ना? चल, जेवून घेऊ.”

तन्वीरला घास गिळवेना. बाई मात्र शेपूची भाजी चवीनं खात होत्या. इतका राग त्याला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि त्यांना काही बोलायची सोय नव्हती.

चार वाजले.

जंतू मिसळलेलं, ताकासारखं गढूळ पाणी त्यानं काचेच्या नळीत घेतलं. कुपीतला एक थेंब त्यात टाकला. नळी खिडकीच्या उजेडात धरली.

काही नाही...

काही नाही...

मग पलीकडच्या खिडकीचे गज दिसायला लागले. आधी पुसट. मग स्वच्छ. नळीतलं पाणी पार निवळलं होतं.

तन्वीरनं नळी जपून स्टँडमध्ये ठेवली. हसू आणि रडू एकदमच आलं त्याला, आणि दोन्हींची त्याला लाज वाटली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं मोकळा श्वास घेतला.

“बाई, मदतनीस तर मी दर खेपेला घालत होतो. मग इतके दिवस ते करत काय होतं?”

“बसून होतं. त्यालाही गंधकाचे हात असतात, तेही तू बांधून टाकले होतेस.”

“पण त्याचं काम तर जोडायचं ना?”

“चुकीचं सोडवायचं. मग जोडायचं.”

मग त्यानं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. ह्या वेळी आवाजात तोरा नव्हता.

“बाई... पुढच्या वेळी हे सोडवणारं किती घालू?”

बाईंनी पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत गेल्या, थांबल्या...

“जितकी तुझी खात्री जास्त, तितकं जास्त.”