चौकोनी तोंडाची वायर

विषय : मिक्सर व कॉम्प्युटर यांच्या जोडणीसाठी योग्य वायर निवडण्याबाबत.

संदर्भ : श्री. हेमंत धुरी यांचा दाजीबुवा मेस्त्री यांच्या नावे केलेला अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की…

“खयची वायर?” बुवांनी विचारलं.

“तेच तर सांगतोय, बुवा. वायर चुकली की सगळं मुसळ केरात.”

देवळाशेजारच्या खोलीत आमचं भजन मंडळ सकाळच्या तालमीला बसलं होतं. दाजीबुवा पेटीशी, हेमंत त्यांच्या उजव्या हाताला. दोघांपुढे एकेक माईक; पखवाजाला एक, कोरसला एक. कोपऱ्यात साउंडवाली वनिता गावकर आपला नवा डिजिटल मिक्सर मांडून बसलेली. मी चिटणीस, म्हणून दाराशी. तिथे पंखा लागत नाही.

हेमंत हा बुवांचा पट्टशिष्य. तालुक्याला कॉम्प्युटरचे क्लास चालवतो. त्याच्या अर्जाचा आशय असा : बुवांचा गळा आता वर जात नाही. वरच्या सगळ्या जागा गेलं वर्षभर अर्जदारच घेतो. तरी जत्रेतल्या डबलबारीला, म्हणजे दोन गावांचे दोन बुवा एकमेकांना गाऊन उत्तर देतात त्या सामन्याला, मंडळाची पेटी अर्जदाराच्या हाती देण्यात यावी.

अर्ज बुवांविरुद्ध, आणि बुवांच्याच नावे. भाषा मात्र अत्यंत नम्र.

बुवांनी तो वाचून घेतला आणि एवढंच म्हणाले, “बगूया.”

पुरावा जोडलेला नाही, असा शेरा मी मारला होता. कचेरीतली जुनी सवय. हेमंतने तो मनावर घेतला. तालमीचं रेकॉर्डिंग करायचं आणि कोणाचा आवाज कुठवर जातो ते सर्वांना दाखवून द्यायचं, असं त्याने ठरवलं. त्यासाठी आज कॉम्प्युटर आणला होता.

त्याने एक बारीक काळी वायर उचलली. एका बाजूला दोन पिना, दुसऱ्या बाजूला एक.

“ही वनितावहिनींची जुनी वायर. ही इअरफोनच्या भोकात जाते. हिच्यातून सगळे आवाज एकत्र जातात. कर्ण्यातून बाहेर पडते तीच खिचडी कॉम्प्युटरवर. कोण गातोय आणि कोण नुसतं तोंड हलवतोय, काही कळत नाही.”

‘तोंड’ म्हणताना त्याने बुवांकडे पाहिलं. मग पंख्याकडे.

“आणि ही दुसरी.” एक जाडसर वायर. एका टोकाला चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला चौकोनी.

वायर ओळखीची वाटली. मंडळाच्या प्रिंटरला मागून लावलेली असते ती. मला विचारलं नव्हतं. तालुक्यात विचारायची पद्धत नसावी.

“चौकोनी तोंड मिक्सरला, चपटं कॉम्प्युटरला. हिच्यातून प्रत्येक माईक वेगळा जातो. कॉम्प्युटरवर प्रत्येकाची स्वतंत्र ओळ. तुमची वेगळी, माझी वेगळी, पखवाजाची वेगळी.”

“ही सगळा नेता?”

“सगळं.”

“लोकांका ऐकाक येता, तेवढाच?”

“नाही ना, बुवा! तीच तर गंमत.” क्लासमधल्या मठ्ठ विद्यार्थ्याला समजावतात तसा हेमंतचा आवाज मऊ झाला. “कर्ण्यावर आवाज कमी असो, बंद असो, हिला फरक पडत नाही. माईकात जे शिरलं, ते उतरणार.”

बुवा पेटीचा भाता उघडत होते. हात थांबला.

वनितानेही मान वर केली.

“मगे जुनीच लाव,” बुवा म्हणाले.

“का?”

“जुनी बरी.”

टाळकऱ्यांत कोणीतरी हसलं. हेमंत हसला नाही. समजूतदारपणे म्हणाला, “बुवा, घाबरायचं कारण नाही. वय झालं की गळा जातोच. कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही.”

“मी तुझ्यासाठी सांगतंय रे.”

“माझ्यासाठी तर हीच हवी.”

…

“लाव,” बुवा म्हणाले.

वायर लावली. कॉम्प्युटरने ओळख दाखवली. तालीम सुरू झाली.

अभंग बरा झाला. नेहमीप्रमाणे पहिलं कडवं ठाय, संथ लयीत, मग टाळ चढले, पखवाज चढला, आणि हेमंत वरच्या षड्जावर गेला. आम्ही सगळे त्याच्यामागून कोरस देत गेलो. कर्ण्यातून त्याचाच आवाज. बुवांचे ओठ माईकला जवळजवळ टेकलेले, डोळे मिटलेले, पुटपुटल्यासारखे हलत होते. वर्षभर असंच चाललं आहे. गळा गेलेल्या माणसाने दुसरं काय करावं, असं आम्ही एकमेकांत म्हणायचो.

अभंग संपला. हेमंतने पडदा सगळ्यांकडे वळवला. त्यावर एकाखाली एक ओळी.

“आता ऐका. आधी मी.”

बाकी सगळं बंद झालं आणि त्याचा एकट्याचा आवाज आला. खालची जागा गोड होती. वर चढताना आवाज पातळ झाला, आणि षड्जाला पोहोचण्याआधी अर्ध्या जिन्यात बसला. तिथून पुढे कोरसने त्याला उचलून नेलं असणार. पण कोरस दुसऱ्या ओळीवर होता.

हेमंतने घाईने बटण दाबलं. “माईक जरा लांब राहिला,” तो म्हणाला. “आता बुवांची ओळ. इथे बहुतेक काही नसेलच…”

तो बोलायचा थांबला. बुवांच्या नावापुढच्या ओळीवर आवाजाचे उंच डोंगर होते.

“चुकून माझाच आवाज इकडे आला वाटतं.”

त्याने ती ओळ एकटी लावली.

हळू, ओठ माईकला टेकवून गायलेला आवाज. पहिल्या अक्षरापासून. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. मग तो वर निघाला. ओढाताण नाही, घाई नाही. षड्जावर जाऊन उभा राहिला, आणि राहिलाच. बाजूच्या शेतातून घरी यावं तसा सहज खाली उतरला.

एका टाळकऱ्याच्या हातात टाळ होते. ते वाजतील म्हणून तो हात तसेच धरून बसला. मी चष्मा काढला. ऐकण्याशी चष्म्याचा काही संबंध नाही, हे नंतर लक्षात आलं.

हेमंतने तीच जागा पुन्हा लावली. आवाज पुन्हा वर गेला, पुन्हा राहिला.

“वहिनी…” त्याने कसंबसं विचारलं. “बुवांचा माईक…?”

“कर्ण्यावर बंद ठेवतंय,” वनिता म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

तिने हनुवटीने बुवांकडे दाखवलं. “मी इचारलंय तेंका, ‘बुवांनू, तुमचा लोकांका ऐकाक कसा येतला?’ तर म्हणाले, ‘हेमंताचा येता मा, पुरे.’”

“कधीपासून?”

उत्तर बुवांनी दिलं. “तू वर चढाक लागलंस, तेव्हापासून.”

हेमंत उभा होता तो खाली बसला. नक्की कुठे बसला ते त्यालाही कळलं नसावं. पखवाजाला लावायच्या पिठाच्या ताटलीत बसला.

“पण मग… गात कशाला होतात? माईक बंद. कर्ण्यातून एक अक्षर बाहेर जात नाही. मंडळी म्हणतात बुवांचा गळा गेला. मी… मी अर्जात लिहिलं. आणि तुम्ही शेवटपर्यंत…”

“भजन चालू होता मा,” बुवा म्हणाले.

…

हेमंतने माझ्याकडे हात केला. “नाना, तो अर्ज द्या इकडे. मागे घेतो.”

मी फाईल उघडली. बुवांनी अर्जावर हात ठेवला.

“ऱ्हवांदे.”

“बुवा, मला लाज वाटतेय.”

“वाटांदे. तू पेटी मागितलंस मा?”

बुवा बाजूला सरकले. पेटी ढकलून त्यांनी हेमंतच्या पुढ्यात ठेवली. त्याचा माईक त्याच्यासमोर नीट धरला.

“वनिता.”

“होय बुवा.”

“ह्येचो माईक बंद कर गो.”

तिने बटण दाबलं. बटणाखाली लाल दिवा लागला.

“आता म्हण,” बुवा म्हणाले.

हेमंतने पेटीवर बोटं ठेवली आहेत. अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.