घंटा, गूळ आणि गाढव

एका शहरात एक घंटा होती. भर चौकात, चिंचेच्या झाडाला टांगलेली. शहरातली घरं लाकडाची आणि छपरं गवताची, त्यामुळे आगीचं भय लोकांच्या पाचवीलाच पुजलेलं. ज्याला संकट दिसेल त्याने घंटेचा दोर ओढायचा आणि ज्याला घंटा ऐकू येईल त्याने हातातलं काम टाकून धावायचं, अशी तिथली रीत होती.

आणखीही एक रीत होती. घंटा फुकट वाजली असं निघालं, तर वाजवणाऱ्याच्या घरून धावून आलेल्या सगळ्यांना गूळ-पाणी मिळायचं. लोक चार थट्टेचे शब्द बोलायचे, गुळाचा खडा तोंडात टाकायचे, वर पाणी प्यायचे आणि आपापल्या घरी जायचे.

शहराचा कारभार नगरसभा पाहायची. तिचा प्रमुख माणूस कामाचा होता, हाताचा स्वच्छ होता, पण आपलं हसं झालेलं त्याला मुळीच खपत नसे.

एकदा तो दाढी करवून घ्यायला बसला होता. एक गाल झाला, दुसऱ्याला साबण लागला, आणि तेवढ्यात घंटा घणघणली. बिचारा तसाच धावला. चौकात पाहतो तर गौराक्का नावाची म्हातारी दोर धरून उभी. लग्नघरी भाताचे हंडे चढले होते, त्यांची वाफ तिला धूर वाटली होती. लोकांनी आधी म्हातारीकडे पाहिलं, मग प्रमुखाच्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं, आणि चौकात एकच हशा पिकला.

प्रमुखाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गूळ न खाताच तो घरी परतला आणि दुसऱ्या दिवशी त्याने नगरसभा भरवली. विषय होता शहराची सुरक्षा.

“घंटेला कुलूप लावू या,” तेलाचा व्यापारी म्हणाला.

“म्हणजे किल्ली सापडेपर्यंत शहर जळू द्यायचं?” शिंप्याने विचारलं.

“मग एक पहारेकरी नेमू,” वैद्यबुवा म्हणाले.

“तो दुपारी झोपेल. त्याला उठवायला दुसरी घंटा लागेल,” शिंपी म्हणाला. हा शिंपी कापडापेक्षा बोलणंच जास्त कापायचा.

शेवटी प्रमुख उठला. “घंटा सर्वांसाठी मोकळीच राहील. पण जो ती उगाच वाजवेल, त्याची गाढवावरून धिंड निघेल. मग तो कोणीही असो. मी असलो तरी!”

शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या आणि ठराव मंजूर झाला. गूळ-पाण्याची रीत बंद झाली. घंटेशेजारी एक गाढव आणून बांधलं, म्हणजे कोणाला विसर पडायला नको.

त्या दिवसापासून घंटा गप्प झाली. “पाहा, लोकांना कशी शिस्त लागली!” असं प्रमुख ज्याला त्याला सांगत सुटला.

उन्हाळ्यातली एक दुपार. प्रमुख जेवून माडीवर शतपावली घालत होता, तोच त्याला कापूस पिंजणाऱ्यांच्या गल्लीवर काळा धूर दिसला. त्याची एकुलती एक लेक, सुंद्रा, त्याच गल्लीत दिलेली होती.

तो धडपडत खाली उतरला, चौकात आला, त्याने दोराला हात घातला. गाढवाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

‘आणि कोणी नुसता पालापाचोळा जाळत असेल तर?’ त्याच्या मनात आलं. गाढवावर बसलेला आपण आणि मागे टाळ्या पिटणारं शहर त्याला डोळ्यांपुढे दिसू लागलं. त्याने दोर सोडला. आधी खात्री करावी, मग वाजवावी, असं ठरवून तो गल्लीकडे निघाला. तेही चालत, कारण धावलं तर लोक विचारतील.

वाटेत वैद्यबुवा भेटले. “भर उन्हात कुठे निघालात?” प्रमुखाने विचारलं.

“जरा पाय मोकळे करायला. आपण?”

“मीही त्यासाठीच.”

पुढे शिंपी भेटला. त्यालाही नेमके आत्ताच पाय मोकळे करायचे होते. तिघंही चोरून आभाळाकडे पाहत होते आणि तिघंही यंदा आंबा कसा कमी आलाय यावर बोलत होते.

गल्लीच्या वळणावर मात्र त्यांचे पाय जागीच खिळले. कापसाचं कोठार धडाडून पेटलं होतं आणि ज्वाळा घरांच्या छपरांना लागल्या होत्या. पुरुषमाणसं बाजारात गेलेली. बायाच तेवढ्या कळश्यांनी पाणी फेकत होत्या, चौकापर्यंत धावायला कोणी मोकळी नव्हती. शिंपी उलट पावली पळाला. घंटा वाजली, सारं शहर धावून आलं, पण तोवर निम्मी गल्ली राख झाली. कोणाचा जीव गेला नाही, एवढंच नशीब.

सुंद्रा ओट्यावर बसली होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूला ओढून बाहेर काढताना तिचे दोन्ही हात भाजले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “मी सारखी घंटेकडे कान लावून होते. वाटलं, आता वाजेल, मग वाजेल. एवढा धूर कोणालाच कसा दिसला नाही हो?”

प्रमुखाला तोंड वर करवेना. आपल्या मानापायी लेकीचे हात भाजले, हे त्याला पुरतं कळून चुकलं आणि तो तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं शहर चौकात बोलावलं. “काल घंटा वाजण्याआधी धूर कोणाकोणाला दिसला होता?” असं विचारून त्याने आधी स्वतःचा हात वर केला. मग वैद्यबुवांचा हात वर गेला, मग शिंप्याचा. बघता बघता निम्म्या चौकाचे हात वर झाले.

“उगाच घंटा वाजवणाऱ्याची धिंड काढायची, असा नियम मी केला,” प्रमुख म्हणाला. “आता दिसूनही न वाजवणाऱ्याचं काय करायचं?”

“एवढी गाढवं आणायची कुठून?” शिंपी म्हणाला. पण या वेळी कोणी हसलं नाही.

प्रमुखाने पुढे होऊन गाढवाचा दोर सोडला. नियम रद्द झाला. गूळ-पाणी पुन्हा सुरू झालं, फक्त आता ते नगरसभेने द्यायचं ठरलं.

पुढे सुगीत एका सकाळी घंटा वाजली. सगळे धावले. चौकात पुन्हा गौराक्काच! खळ्यावर वाऱ्याने भुसा उडाला होता आणि तिला तो धूर वाटला होता. म्हातारी बावरून उभी होती.

“चुकलं बाबा माझं. डोळे दगा देतात.”

“चुकलं कसलं, आक्का? आग नव्हती, हेच बरं झालं,” प्रमुख म्हणाला. त्याच्या एका गालावर साबण तसाच होता. लोक हसले, आणि तोही त्यांच्याबरोबर हसला.

सुंद्रा गुळाचं ताट घेऊन आली. तिच्या हातांवरचे डाग अजून गेले नव्हते. तिने पहिला खडा गौराक्काच्या हातावर ठेवला.

तात्पर्य: चुकून मारलेल्या हाकेला शिक्षा केली, तर खरी हाक मारायला कोणी पुढे येत नाही.