उठून दिसणारा कोट

एका गावात एक भोळा गडी होता. तसे गावात भोळे पुष्कळ, पण बाकीचे सोयीपुरते. गुणाजी मात्र आठही प्रहर भोळा. त्यामुळे लग्नाचं वय उलटून चाललं तरी त्याला कुणी मुलगी देईना. शेवटी कसंबसं एक स्थळ जुळत आलं आणि त्याच्या आईची झोप उडाली. पोराच्या अंगावर धड कापड नव्हतं.

"गुण्या, बाजारात हौसामावशी जुनी कापडं घिऊन बसती. तिच्याकडनं कोट आण. स्वस्त असू दे, पण चारचौघांत उठून दिसला पायजे."

हौसामावशी म्हणजे घरोघर भांडी देऊन जुने कपडे गोळा करणारी बोहारीण. तिच्या ढिगातून गुणाजीने एक कोट उपसला. लालभडक, पितळी बटणांचा, खांद्यावर सोनेरी झालर. तो अंगात घालून गुणाजी खाली बसला. मग उठला.

"मावशी, आता कोट दिसतोय?"

"दिसतोय की."

तो पुन्हा बसला. "आन् आता?"

"आताबी दिसतोय."

"मग नगं. मला उठून दिसणारा पायजे. ह्यो बसूनबी दिसतोय."

आणि आला रिकाम्या हाताने घरी.

आईने कपाळाला हात लावला. "आरं, उठून दिसणं म्हंजी लोकांची नजर जाणं! जा, तोच आण. आन् किंमत ऐकून लगेच हो म्हणू नगंस. आधी मालाला नावं ठेव, मग भाव उतरतो."

गुणाजी पुन्हा बाजारात. कोट मांडीवर घेऊन विचार करत बसला.

"घेतोस का?" मावशी म्हणाली.

"थांब, नाव ठिवतोय." बराच वेळ डोकं खाजवून तो म्हणाला, "दिगंबर."

"कोण दिगंबर?"

"ह्यो कोट."

घासाघीस करणारी गिऱ्हाइकं मावशीने रग्गड पाहिली होती. कोटाचं बारसं करणारं हे पहिलंच. पण ती पक्की बाजारातली बाई. म्हणाली, "आता त्याला नाव पडलं बाबा. नाव पडलेल्या लेकराचा भाव उतरवू व्हय?" सांगितलेली किंमत तर तिने घेतलीच, वर बारशाच्या घुगऱ्याही वसूल केल्या.

"नावं ठेवणं म्हंजी खोट काढणं, मुडद्या!" आई ओरडली. "रंग विटलाय, कोपरं झिजल्यात, असं म्हणायचं!"

"आस्सं व्हय," गुणाजी म्हणाला. हे त्याने पक्कं ध्यानात ठेवलं. ध्यानात ठेवण्यात तो कधीच चुकत नसे. चुकायची ती वेळ.

मग मायलेक मुलगी बघायला गेले. मुलीचे वडील तात्याबा मोठ्या आदराने म्हणाले, "काय पाव्हणं, आमी माणसं कशी वाटलो?"

गुणाजीने त्यांना खालून वर न्याहाळलं. "रंग विटलाय. कोपरं झिजल्यात. आतलं अस्तरबी गेलं आसंल."

तात्याबांच्या मिशा थरथरल्या. गुणाजीच्या आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्यात आतून खुदकन हसू आलं. मुलगी, शेवंता, पोह्यांचं ताट घेऊन दारात उभी होती.

"आजवर आलेलं समदं तोंडावर ग्वाड बोललं," ती म्हणाली. "ह्यांच्या पोटात एक आन् ओठात एक न्हाई. मला पसंत हाय."

लेकीपुढे तात्याबांचं काही चालेना. पण त्यांनी बजावलं, "लगीन लागस्तवर आणखी येक येडेपणा झाला, तर पोरगी घरात घिऊन दार लावीन."

आईने लग्नाच्या सकाळी गुणाजीचे कान धरले. "आज तोंडातनं सबूद काढायचा न्हाई. लोक सांगतील तेवढंच करायचं."

गुणाजीने मान डोलावली आणि लाल कोट घालून मांडवाच्या दारात उभा राहिला. कोट पूर्वी कुठल्याशा बँडवाल्याचा असावा, कारण दारातल्या बँडमास्तरने त्याला बघताच गळ्यात ढोल अडकवला. "आपलाच दिसतोस. उशीर केलास, वाजव!"

गुणाजी वाजवू लागला. आत मुहूर्त टळायला आला, नवरदेवाची शोधाशोध झाली. शेवटी आईने त्याला बँडमधून ओढून काढला, ढोल बाजूला ठेवला, मुंडावळ्या बांधल्या आणि हातात माळ देऊन अंतरपाटापुढे उभा केला. मुहूर्तासाठी तात्याबांनी दात खाऊन तेवढं पोटात घातलं.

मंगलाष्टकं झाली. "सावधान!" झालं. अंतरपाट सरला आणि सगळा मांडव एका सुरात ओरडला, "वाजवा रे वाजवा!"

लोकांनीच सांगितलं म्हटल्यावर काय! गुणाजीने हातातली माळ जवळच्या गळ्यात टाकली आणि पळत जाऊन ढोल गळ्यात अडकवून बडवायला लागला. जवळचा गळा भटजींचा होता.

"अहो, माझं झालंय!" भटजी किंचाळले.

"झालं! मोडलं लगीन!" तात्याबा उठलेच.

गुणाजीच्या आईला रडू फुटलं. शेवंता मात्र आपली माळ घेऊन तडक ढोलापाशी गेली आणि ती गुणाजीच्या गळ्यात घातली.

"आता तुमी," ती हळूच म्हणाली. "गळ्यातलं माझ्या गळ्यात घाला, म्हंजी लगीन लागलं."

गुणाजीने मान डोलावली. गळ्यातला ढोल काढला आणि शेवंताच्या गळ्यात घातला.

शेवंताने एकदा ढोलाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, एकदा बापाकडे. मग टिपरू उचललं आणि बाप तिला घरात न्यायला पोचायच्या आत असा दणका दिला, की लगीन लागलं म्हणून लोकांनी अक्षता टाकल्यासुद्धा.