शेठजींचा हुंकार

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे त्यांची शिष्या अगदी वैतागून आली. आचार्यांचा जन्म मेंदूच्या अभ्यासात गेला होता. शिष्येची त्या वाटेवर आत्ता कुठे सुरुवात होती. तान्ह्या मुलांच्या निरर्थक बडबडीतून बोलणं कसं उमलतं, त्या वेळी मेंदूत काय घडतं, हे तिला शोधायचं होतं. नगरातल्या एका व्यापाऱ्याने मेंदूच्या नवोदित संशोधकांसाठी शिष्यवृत्ती ठेवली होती. ती मिळाली तर संशोधन. नाहीतर ते गुंडाळून घरोघर शिकवण्या.

"नवोदितांसाठी म्हणतात," ती कडवटपणे म्हणाली, "आणि अट काय, तर आधी सिद्ध केलेले निष्कर्ष दाखवा. निष्कर्ष हातात असते तर मी नवोदित कशाला राहिले असते? ते मिळवायला यंत्र लागतं आणि यंत्रासाठी वृत्ती. डोकं फिरायची वेळ आली आहे, आचार्य. तुम्ही शेठजींकडे एक शब्द टाका ना."

"उद्या जाऊ," आचार्य म्हणाले. "तुझ्या तान्ह्या लेकीलाही घे."

"मुलाखतीला? अहो, ती सगळीकडे लाळ गाळते."

"गाळू दे."

लेकीला घरी ठेवलं तर आई म्हणून कच्ची, नेलं तर संशोधक म्हणून. आपण दोन्हीकडून नापासच, असं मनाशी म्हणत ती निघाली.

शेठजींनी अर्ज वाचला आणि मान हलवली. "विषय उत्तम आहे, ताई. पण निष्कर्ष कुठे आहेत? डोळे मिटून पैसा कसा द्यायचा?"

शिष्येने आशेने आचार्यांकडे पाहिलं. ते उठले, तिच्या कडेवरची मुलगी त्यांनी शेठजींच्या मांडीवर ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. म्हातारपण, दुसरं काय, असं तिच्या मनात आलं. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मुलीने शेठजींच्या शुभ्र उपरण्याचं टोक तोंडात घातलं आणि ती सुरू झाली. "बबबब. ताऽ. बबा."

"हूं?" शेठजी नकळत वाकले. "असं का? मग?"

"बब. ता."

"अरे वा. आणि पुढे काय झालं?"

आचार्य वळले. "शेठजी, काय म्हणाली ती?"

"छे हो. तिला कुठे बोलता येतंय?"

"मग आपण हुंकार कशाला देत होता?"

शेठजी हसले. "दिला नाही तर बोलायला लागेल कशी?"

"तेच," आचार्य म्हणाले. "आधी एक शुद्ध वाक्य बोलून दाखव, मग तुझ्याशी बोलू, असं आपण तान्ह्या मुलाला कधी सांगत नाही. हुंकार आधी येतो, वाक्य मागाहून. निष्कर्ष पाहून देतात ते बक्षीस. वृत्ती हा हुंकार आहे, शेठजी. तो आधीच द्यावा लागतो. मी शब्द टाकला असता तर फार तर हिचं काम झालं असतं. हिच्या मागून येणारे दाराशीच अडले असते."

शेठजींनी उपरण्याचं ओलं टोक मुलीच्या मुठीतून हळूच सोडवलं. मग शेजारच्या कारकुनाला त्यांनी ती अट काढून टाकायला सांगितलं, अर्ज बाजूला सारला आणि ते शिष्येकडे वळले. मुलगी अजून मांडीवरच होती.

"बोला ताई. काय शोधायचंय तुम्हाला?"

"अजून मला नीट सांगता येत नाही, शेठजी. एक शंका आहे नुसती."

"हूं," शेठजी म्हणाले. "मग?"

आणि ती अडखळत बोलू लागली.