नदीकडे पाठ केलेला बाक

एका नदीकाठच्या गावी एकदा एक नवी उद्यान निरीक्षक रुजू झाली. तिचे नाव रेणुका. कृषी महाविद्यालयातून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली, कामाची मनापासून हौस असलेली मुलगी. नगरपालिकेची बाग नदीच्या अगदी काठावर होती. त्या बागेत तीस वर्षे माळीकाम करून निवृत्त झालेले धोंडीनाना अजूनही रोज संध्याकाळी तिथे येत. कुठल्या झाडाला पाणी बेताने द्यायचे, पुराचा गाळ कुठल्या कोपऱ्यात साचतो, हे रेणुका त्यांनाच विचारी. ती त्यांना गुरू मानी आणि नाना तिला ‘पोरी’ म्हणत.

एका बाबतीत मात्र तिने त्यांना विचारले नाही. नाना पंधरा दिवस लेकीकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. फाटकातून खाली येणाऱ्या उताराकडे तोंड करून बागेत एक जुना दगडी बाक होता. त्यावर बसणाऱ्याची नदीकडे पाठ होई. एवढे सुंदर पात्र मागे आणि समोर धुळीचा रस्ता! रेणुकाला ते बघवेना. तिने माणसे लावून तो बाक गोदामात हलवला आणि काठालगत नवे बाक ओळीने बसवले, सगळे नदीकडे तोंड करून. सूर्यास्ताच्या वेळी लोक तिथे फोटो काढू लागले. तिचे फार कौतुक झाले.

नाना परत आले आणि दोन दिवसांनी त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट सुरू केली. बाक जिथे होता तिथेच, भुईवर घोंगडीची घडी टाकून, नदीकडे पाठ करून ते बसू लागले.

रेणुका संकोचली. “नाना, काठावर बाक रिकामे आहेत. इथं मातीत का बसताय? लोकांना वाटेल, मी तुमचा मान ठेवला नाही.”

“लोकांचं ऱ्हाऊ दे. तू बस जरा माझ्याजवळ.”

ती बसली. उतारावरून माणसे येत होती. दूध घालून परतणारा गवळी थांबला, “नाना, गुडघा काय म्हणतोय?” शिकवणीहून येणाऱ्या दोन मुलींनी हात हलवला. कापडदुकानातला एकजण शेजारी टेकला आणि मुलीचे लग्न ठरल्याचे सांगून गेला. अर्धा तास कसा गेला हे रेणुकाला कळले नाही. मग तिने मान वळवून काठाकडे पाहिले. नव्या बाकांवरही माणसे होती. इथून त्यांच्या फक्त पाठी दिसत होत्या.

“सोनाक्का आठवती का?” नानांनी विचारले.

आठवत होती. जुन्या बाकावर रोज येऊन बसणारी एकटी म्हातारी. बाक हलवल्यावर दोन दिवस ती काठावर बसली होती.

“मग कधीपासनं दिसली नाही?”

रेणुका बोटांवर दिवस मोजू लागली.

“तापानं चार दिवस अंथरुणात पडून होती. मी गावाहून आलो, ती दिसली नाही म्हणून घरी गेलो, तेव्हा कळलं. तोवर दारात कुणी फिरकलं नव्हतं. आता बरी आहे, माझी सून पेज करून देती. पण आधी एक दिवस ती बाकावर दिसली नाही, तर दहाजण विचारायचे.”

रेणुकाचे डोळे भरून आले. नाना हळुवारपणे पुढे म्हणाले,

“पूल व्हायच्या आधी इथं नाव लागायची. माझा बाप नावाडी. नावेत बसला तरी तोंड रस्त्याकडं. लोक हसायचे. तो म्हणायचा, पाणी कुठं जात नाही, उतारू येतोय का ते बघायला पाहिजे. लांबून येणाऱ्याला आपल्यासाठी कुणीतरी थांबलंय हे दिसलं, की त्याच्या पायात बळ येतं. पुढं पूल झाला, नाव बंद पडली, इथं कचरा पडाय लागला. मग बाग झाली. तेव्हा जुन्या धक्क्याचेच दगड घेऊन मी तो बाक केला. तुझे बाक चांगलेत, पोरी. ज्याला नदी बघायचीय, त्यानं तिथं बसावं. पण म्हाताऱ्या माणसाचं नदी बघून झालेलं असतं. त्याला येणारं माणूस बघायचं असतं, आणि त्या माणसानं आपल्याला बघावं असं वाटत असतं.”

दुसऱ्या दिवशी रेणुकाने बाक पुन्हा जागेवर बसवून घेतला आणि ती सोनाक्काच्या घरी गेली.

“बाक काढणारी ती तूच का?”

“हो अक्का. चुकलं माझं.”

“चुकलं तर चुकलं. हात दे. तो उतार मला एकटीला उतरवत नाही आता.”

पुढे काही दिवसांनी मुख्याधिकारी पाहणीला आले. गावात त्यांची बदली होऊन वर्ष होत आले होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “हा एक बाक उलटा का बसवलाय?”

रेणुका म्हणाली, “साहेब, पाच मिनिटं बसून बघता?”

ते अवघडून टेकले. शेजारी सोनाक्का होती. तिने त्यांना नीट न्याहाळले.

“कुणाचा रे तू, बाळा? जेवणाचं काय करतोस इथं?”

वर्षभरात त्या गावात हे त्यांना कुणीही विचारले नव्हते. ते सांगू लागले. बागेतले दिवे लागले तरी त्यांचे सांगणे संपले नव्हते, आणि बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या चालकाने दोनदा येऊन पाहिले, पण हाक मारली नाही.