राणीचे तीन कुत्रे आणि धुळाबाईचा भुऱ्या

एक होता राजा. पण गोष्ट त्याची नाही बरं का, त्याच्या राणीची आहे. राजा आपला मधूनमधून येऊन "जेवायला कधी बसायचं?" एवढंच विचारणार आहे. तेव्हा त्याच्याकडं फार लक्ष देऊ नका. आणि तू पाय आत घे बघू, पांघरूण सगळ्यांचं आहे.

तर राणीचं नाव होतं केतकी. नवीनच लग्न होऊन ती गडावर आली होती. अंगावर शालू, नाकात मोत्यांची नथ, हाताशी दासी. सगळं होतं. पण गडावर जो तो तिच्या देवाघरी गेलेल्या सासूबाईंचंच कौतुक सांगायचा. थोरल्या राणीसाहेब अशा बसायच्या, थोरल्या राणीसाहेब तशा हसायच्या. आणि राजा? राजा तिच्याकडं बघायचा, पण जेवताना पापडाकडं बघतो ना आपण, तसा. आहे ना ताटात, मग झालं.

मग केतकी काय करायची? खिडकीत बसून राहायची. खिडकीतून गडाचा उतार दिसायचा. उतारावर एक झोपडी होती आणि झोपडीत राहायची धुळाबाई नावाची धनगरीण. तिची मेंढरं होती आणि तिचा एक कुत्रा होता, भुऱ्या. साधा धनगरी कुत्रा हो. मातकट रंग, एक कान फाटका, शेपटीत कायम कुसळं अडकलेली. पण धुळाबाई चालली की तो चालायचा, बसली की बसायचा. तिनं भाकरी मोडली की अर्धी तिची, अर्धी त्याची.

केतकी हे बघायची आणि तिच्या पोटात दुखायचं. हे दुखणं वैद्याला सांगता येत नाही. एवढी मी राणी, आणि माझ्यामागं असं शेपूट हलवत कुणी येत नाही, असं तिला वाटायचं. आणि या बाईला धड लुगडं नाही, तिच्यावर एक जीव असा ओवाळून टाकलेला. का म्हणून?

आता त्या गडावर एक रीत होती. गडाचा देव खंडोबा, आणि कुत्रा म्हणजे खंडोबाचा लाडका. त्यामुळं चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य झाला की पहिला घास कुत्र्याला. तो घरच्या बाईनं आपल्या हातावर ठेवायचा आणि घरच्या कुत्र्यानं हातावरूनच खायचा. जमिनीवर टाकला तर चालायचा नाही. राजवाड्याचा घास झाला की मग सगळा गड जेवणार. आणि दिवेलागणीपर्यंत राणीच्या हातचं कुत्र्यानं खाल्लं नाही, तर तो ज्या बाईच्या दारी जाऊन बसेल, तिला मानाचं ताट जायचं. मग वर्षभर गडावर पहिला मान तिचा.

थोरल्या राणीसाहेबांचा म्हातारा कुत्रा त्यांच्यामागोमागच गेला होता. तेव्हा राजाची आत्या, सगळे तिला आत्याबाई म्हणायचे, ती केतकीला म्हणाली, "सूनबाई, कुत्रा बघून ठेवा. आयत्या वेळी धावाधाव नको."

केतकीनं राजाला सांगितलं, "मला असा कुत्रा हवा की त्या धुळाबाईनं तोंडात बोट घालावं."

राजा म्हणाला, "आणू. जेवायला कधी बसायचं?"

मग राजाचे स्वार गेले आणि पठारावरून एक कारवानी कुत्रा घेऊन आले. त्याचं नाव बाण. लांब तोंड, लांब पाय, आणि कंबर इतकी बारीक की राणीच्या पाटलीतून निघावी. तो पळायला लागला की त्याची सावली मागं राहायची आणि धापा टाकत संध्याकाळी घरी यायची. खरंच सांगते. केतकीनं हातावर भाकरी घेतली, बाणापुढं धरली आणि पटकन खिडकीतून खाली पाहिलं. धुळाबाई बघते आहे की नाही? तेवढ्यात बाण उठला आणि सूं करून उतारावरून थेट धुळाबाईच्या दारात जाऊन बसला.

धुळाबाईनं काही त्याला बोलावलं नव्हतं. तिनं त्याला पाणी पाजलं आणि गडावर आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. केतकीचा नुसता संताप झाला. तिनं हुकूम सोडला, "त्या बाईची झोपडी माझ्या डोळ्यांपुढून हलवा. गडाच्या मागच्या अंगाला जाऊ दे."

बिचारी धुळाबाई. गाडगीमडकी डोक्यावर घेऊन मागच्या उतारावर गेली. मग केतकीनं काय करावं? आपली बैठक मागच्या खिडकीत हलवली. ती बाई आता काय करते ते कळायला नको का? तिनं भाकरी हातावर घेतली, खाली नजर टाकली, आणि बाण मागच्या उतारावरून पळाला.

मग दुसरा कुत्रा आला. तो होता पश्मी. कानांवर असे लांब रेशमी केस, शेपटीला झालर. नाव ठेवलं रेशम. त्यानं कान झटकले की चांदणं सांडायचं. दासी ते सुपात भरून ठेवायच्या आणि अंधाऱ्या कोठीत सांडून डाळ-तांदूळ निवडायच्या. केतकी त्याचे केस चंदनाच्या फणीनं विंचरायची. पण विंचरताना डोळे कुठं? खिडकीबाहेर. धुळाबाई ते चांदणं बघून जळते की नाही, इकडं सगळं लक्ष. फणी हातात राहिली आणि रेशम गेला खाली.

मग तिसरा आला, हिमालयातून. भोटी कुत्रा तो. वासराएवढा उंच, मानेवर एवढी दाट आयाळ की वाटेत चिमण्यांनी तिच्यात घरटं केलं होतं. नाव गडगड्या. तो एकदा भुंकला की आकाशातले ढग जागच्या जागी थांबायचे आणि तो परवानगी देईपर्यंत हलायचे नाहीत. केतकी म्हणाली, हा जडशीळ कुत्रा कुठं जातोय उतारावरून? पण तोही गेला. घरंगळत गेला, चिमण्यांसकट गेला.

आता मात्र केतकीला रात्रंदिवस एकच ध्यास. ही बाई चेटूक करते. हिच्यात असं काय आहे? हिच्या हाताला काय अत्तर लागलंय? दूध प्यायला बसली तरी तेच, वेणी घालायला बसली तरी तेच. खरं सांगू का, तिला मानाच्या ताटाचंही तेवढं नव्हतं. जगात एका तरी जिवानं आपण होऊन माझ्याकडं यावं आणि माझ्या हातचं खावं, एवढंच तिला हवं होतं. ते होत नव्हतं, म्हणून ती धुळाबाईवर चिडत होती.

मग उजाडली चंपाषष्ठी. आषाढापासून गडावर वांगं बंद होतं. आणि आज चुलीचुलीवर वांगी भाजली जात होती. वास असा सुटला होता की राजा सकाळपासून मुदपाकखान्याच्या दाराशी घुटमळत होता. येळकोट झाला, भंडारा उधळला. आत्याबाईनं नैवेद्याचं ताट आणलं. केतकीनं रोडग्यावर भरीत ठेवून हात पुढं केला.

बाण आला. केतकीच्या मनात आलं, आता ती खालून बघत असेल. नजर गेली खिडकीकडं, आणि बाण पळाला. रेशम आला. तिनं ठरवलं, या खेपेला नाही बघायचं. पण बाण तिथं पोचला का, ते बघायला नको का? रेशम गेला. गडगड्या आला, आणि तोही गेला.

दुपार कलली, दिवेलागण जवळ आली. पोरं भुकेनं रडकुंडीला आली. राजा म्हणाला, "अगं, पण जेवायला—" आणि आत्याबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुदपाकखान्याकडं परत वळला. मग आत्याबाईनं ताट उचललं. म्हणाली, "चला, देवाच्या मनात धुळाबाईला मान द्यायचा दिसतोय." आणि निघाली पायऱ्या उतरायला.

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मात्र ती उठली आणि तशीच, अनवाणी, रोडग्याचा घास मुठीत धरून आत्याबाईमागं धावली. आज त्या बाईला तोंडावर विचारायचंच.

आणि गंमत बघा. अर्ध्या पायऱ्यांवर समोरून धुळाबाईच वर येत होती. तिच्या हातातही रोडगा होता, आणि तीही तणतणत होती. मागून बाण, रेशम आणि गडगड्या. आत्याबाईचे गुडघे दुखत होते. ती ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

केतकी म्हणाली, "माझ्या तिन्ही कुत्र्यांना काय चारलंस तू?"

धुळाबाई म्हणाली, "म्या? अन् तुम्ही माझ्या भुऱ्याला काय चारलंसा? आज किती दिस झालं, तुमच्या दिंडीदरवाज्यात जाऊन बसतोय. माझ्या हातची भाकर खाईना. आज सणाचा दिस, माझ्या घरात उपास."

"मी तर त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही."

"मंग म्या तरी कवा तुमच्या कुत्र्यांना हाक मारली?"

झालं, भांडण जुंपलं. केतकीनं रागानं झोपडीकडं पाहिलं, "त्या तुझ्या झोपडीत काय पुरून ठेवलंयस?" तिन्ही कुत्रे झोपडीकडं धावले. तिनं वर राजवाड्याकडं पाहिलं, "आणि माझ्या घरी काय कमी होतं त्यांना?" तिन्ही कुत्रे वळले आणि तिला ओलांडून राजवाड्याकडं पळाले. आत्याबाई म्हणाली, "अगं बायांनो, त्यांना एका जागी बसवा. मला गरगरायला लागलं."

केतकी बोलता बोलता थांबली. तिनं पायरीच्या कडेच्या चिंचेकडं पाहिलं. तिन्ही कुत्रे चिंचेखाली. तिनं एका धोंड्याकडं पाहिलं. तिन्ही कुत्रे धोंड्याभोवती, धोंडा हुंगताहेत.

तिला उमगलं. म्हणजे ते तिला सोडून कधी गेलेच नव्हते. ती जिथं बघत होती तिथं आपल्या बाईला काहीतरी हवंय, असं समजून ते जात होते. रोज जात होते. आणि ती रोज एकीकडंच बघत होती.

मग तिनं हळूच विचारलं, "धुळाबाई, तू दिवसभर कुठं बघतेस गं?"

धुळाबाईनं मान खाली घातली. म्हणाली, "खोटं कशाला बोलू, राणीसायेब. तुमच्या खिडकीकडं. तुमच्याकडं यवढी देखणी कुत्री, अन् माझं हे फाटक्या कानाचं. तुमची कुत्री वर सोडून परत निघाले, की सारखी मागं वळून बघायची. हेवा वाटायचा."

केतकीला आधी बरं वाटलं. हो, वाटलं, खोटं का सांगू. आपला कुणाला हेवा वाटावा, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. पण मग धुळाबाईचा उतरलेला चेहरा तिला ओळखीचा वाटला. आरशात रोज तोच तर दिसत होता. या बाईला मी घरासकट उचलून मागच्या उतारावर टाकलं, हे आठवून तिला लाज वाटली.

"तुझी झोपडी होती तिथं परत बांधून देते," ती म्हणाली.

"ते द्या," धुळाबाई म्हणाली, "पर आधी घास द्या. गडावरची पोरं उपाशी हाईत."

मग केतकी पायरीवर खाली बसली. बाण पुढं आला. आणि पहिल्यांदा, बरं का, तो आल्यापासून अगदी पहिल्यांदा, तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्याचा एक डोळा काळा होता आणि दुसरा मधासारखा. एवढे दिवस कुत्रा घरात, आणि तिला हे माहीत नव्हतं.

बाणानं झोपडीकडं बघितलं, मग राजवाड्याकडं. पण तिचे डोळे हलेनात. आता त्याला जायला दुसरीकडं कुठं जागाच उरली नाही. तो तिच्यापाशी आला, ओल्या नाकानं तिचा तळवा हुंगला आणि घास खाल्ला. मग रेशमनं खाल्ला, तिच्या मांडीवर मूठभर चांदणं सांडून. मग गडगड्यानं खाल्ला, आणि चिमण्यांनी उरलेले कण टिपले. तिकडं धुळाबाईनं भुऱ्याला हाक मारली आणि वरच्या दरवाज्याकडं न बघता, धावत येणाऱ्या त्याच्या फाटक्या कानाकडं बघत राहिली. तो आला आणि त्यानं रोडगा हातासकट खायला घेतला.

आत्याबाईनं मानाचं ताट केतकीपुढं ठेवलं. केतकीनं त्यातलं अर्धं भरीत धुळाबाईच्या रोडग्यावर वाढलं. मग सगळा गड जेवला. राजा इतका जेवला की त्याला धरून उठवावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, राणीच्या मनातला हेवा गेला का? छे गं. असा एका जेवणात जातो होय? अधूनमधून तिचे डोळे खाली वळायचेच. मग बाण उतारावरून पळत सुटायचा आणि सगळ्या गडाला कळायचं, राणीसाहेबांचं लक्ष कुठं गेलं ते. लोक गालात हसायचे. धुळाबाई बाणाला पाणी द्यायची, त्याचं लांब तोंड दोन्ही हातांत धरून वर वळवायची आणि म्हणायची, "त्या बघ, तुझी वाट बघत्यात."

बाण वर बघायचा. राणी खिडकीत उभी असायची, आणि ती झोपडीकडं नाही, धुळाबाईकडं नाही, त्याच्याकडं बघत असायची. मग तो असा सुटायचा की सावली बिचारी झोपडीच्या दारातच राहायची.

अशी ती सगळी गडावर सुखानं राहिली, माणसंही आणि कुत्रेही. तेही आता अंगाचं वेटोळं करून झोपलेत. तुम्हीही झोपा. मी आहे इथंच.